विंचवाचे बिऱ्हाड काचेच्या पेटीत

गेल्या चातुर्मासातील गोष्ट आहे. चाकूरमधील माझ्या एका जुन्या खातेदारांचा सकाळीच फोन आला. आडत आणि किराणा असा त्यांचा दोन पिढ्यांचा व्यवसाय. मी बँकेत असताना त्यांच्या कॅश क्रेडिट खात्याचे नूतनीकरण वर्षानुवर्षे माझ्याच टेबलावरून होत असे. निवृत्तीनंतर व्यवहार संपला, ऋणानुबंध मात्र टिकला. "साहेब, एकदा घरी येऊन जा. पोराने एका नव्या धंद्याचा हिशोब मांडलाय. मला त्यातले काही कळेना, आणि आई तर दोन दिवस झाले जेवायला आत येईना," असे ते म्हणाले.

हिशोब तपासणे हा आयुष्यभराचा उद्योग असल्याने मी गेलो. ओसरीवर आजी माळ घेऊन बसल्या होत्या. त्यांनी मान हलवून "जयजिनेंद्र" केले आणि हाताने आतली खोली दाखवली. आत टेबलावर एक काचेची पेटी होती. तळाशी नारळाच्या काथ्याचा भुसा, त्यावर झाडाच्या सालीचा एक तुकडा, कोपऱ्यात पाण्याची उथळ वाटी. सालीखालून दोन जाडजूड नांग्या बाहेर आल्या होत्या. मागोमाग हिरवट झाक असलेले काळेभोर, वीतभर लांबीचे शरीर दिसले. आमच्या मराठवाड्यात विंचू पाहिला नाही असा माणूस नसेल. पण एवढा मोठा विंचू मी जन्मात पाहिला नव्हता.

"काका, हा एम्परर विंचू. पश्चिम आफ्रिकेतला. दिसतो भयंकर, पण चावला तरी मधमाशीपेक्षा फार काही होत नाही," नातू उत्साहाने सांगू लागला. तो पुण्यात अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षाला आहे. मुलगा हुशार, निर्व्यसनी, वडिलधाऱ्यांशी अदबीने बोलणारा. त्याने समोर कागद ठेवला. दुर्मिळ विंचवांच्या काही जोड्या विकत घ्यायच्या, त्यांची पैदास करायची, पिल्ले छंदिष्टांना विकायची. एका वेळेस २० ते ३० पिल्ले, प्रत्येकाचा भाव अमुक. भांडवल दीड लाख रुपये, दीड वर्षात तिप्पट. वडिलांकडे त्याने तेवढीच रक्कम मागितली होती. शिवाय स्वतःच्या साठवणीतले ४० हजार रुपये त्याने एका विक्रेत्याला आधीच पाठवले होते. त्या बदल्यात पिवळ्या रंगाच्या एका दुर्मिळ जातीची जोडी यायची होती. तीन महिने झाले तरी ती आली नव्हती.

ही हकीकत त्या कुटुंबाच्या संमतीने, ओळख न देता, येथे लिहीत आहे. कारण असे छंद आता मोठ्या शहरांपुरते उरलेले नाहीत. आपल्या तालुक्याच्या गावांतून, आपल्याच घरांतील मुलांच्या मोबाइलमधून ते आत येत आहेत.

हा छंद आहे तरी काय?

विंचवाशी सलगी करण्याची हौस आपल्या भागाला अगदीच अपरिचित नाही. सीमेपलीकडे कर्नाटकातील यादगीर जिल्ह्यात कंदकूर नावाचे गाव आहे. तेथे नागपंचमीला डोंगरावरील दगडांखालचे विंचू काढून लोक तळहातावर, अगदी चेहऱ्यावरही फिरू देतात. तेथील देवीही विंचवाची म्हणूनच पुजली जाते. पण तो एका दिवसाचा, श्रद्धेचा प्रसंग. आज ज्याला विदेशी पाळीव प्राण्यांचा छंद म्हणतात, त्याचा पाया श्रद्धेवर नसून संग्रहावर आहे.

जगात विंचवांच्या अडीच हजारांहून अधिक जाती आहेत, भारतात शंभराहून अधिक. त्यांचे सर्वांत जुने जीवाश्म सुमारे ४३ कोटी वर्षांपूर्वीचे आहेत. म्हणजे माणूसच काय, डायनासोरही नव्हते तेव्हापासून हा जीव पृथ्वीवर आहे. युरोप-अमेरिकेत काही हौशी लोक तिकिटे किंवा नाणी जमवावीत तसे विंचू आणि मोठे कोळी जमवतात. जात जितकी दुर्मिळ, रंग जितका अनोखा, तितकी किंमत अधिक. घाना, टोगो, बेनिन या देशांतून एम्परर विंचू इतक्या मोठ्या संख्येने पकडून पाठवले गेले की १९९५ साली 'साइट्स' या आंतरराष्ट्रीय कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात त्याचा समावेश करावा लागला. धोक्यातील वन्यजीवांच्या व्यापारावर नियंत्रण ठेवणाऱ्या या करारात भारत १९७६ पासून सहभागी आहे.

आपल्या देशातील जीवही या बाजारातून सुटलेले नाहीत. आंध्र प्रदेशात नंद्याळ आणि गिद्दलूर यांच्या दरम्यानच्या जंगलात निळ्याशार रंगाचा एक मोठा कोळी राहतो. १८९९ साली त्याची शास्त्रीय नोंद झाली, ती गुत्ती येथील रेल्वेच्या लाकूड वखारीत सापडलेल्या नमुन्यावरून. आज तो अतिसंकटग्रस्त गणला जातो, आणि तरीही जगभरच्या छंदिष्टांच्या पेट्यांत तो आहे. सुरुवातीला त्याचा भाव शेकडो डॉलर होता. पुढे पेट्यांमध्येच पैदास वाढली आणि भाव कोसळला. पण जंगलातील कोळ्याचे संकट भाव कोसळल्याने दूर झाले नाही. व्यापारी वाचकांना यातील मर्म लगेच कळेल. ज्या मालाचे मोल केवळ दुर्मिळतेत आहे, तो माल मुबलक झाला की मोल संपते आणि मुबलक होऊ दिला नाही तर जीव संपतो.

आजींचा एक प्रश्न

मी कागदावरील आकडे पाहत असताना आजी दाराशी येऊन उभ्या राहिल्या. उंबरा त्यांनी ओलांडला नाही. त्यांनी नातवाला इतकेच विचारले, "बाळा, हा खातो काय?"

मुलगा गप्प झाला. टेबलाखाली प्लास्टिकचा एक जाळीदार डबा होता. त्यात अंड्याच्या पुठ्ठ्यावर जिवंत रातकिडे फिरत होते. पाळलेला विंचू मेलेले अन्न सहसा स्वीकारत नाही. हलणारे भक्ष्यच त्याला कळते. आठवड्याला एक-दोन रातकिडे किंवा झुरळे, चिमट्यात धरून, पेटीत सोडावी लागतात.

मी सवयीने कागदाच्या समासात आकडे मांडले. आठवड्याला किमान १, म्हणजे वर्षाला ५२. हा विंचू नीट सांभाळला तर ६ ते ८ वर्षे जगतो. ७ वर्षे धरली तर एका पेटीमागे ३६४ जीव. दहा पेट्यांचा व्यवसाय झाला तर ३,६४०. मुलाच्या कागदावर 'खाद्य' या नावाखाली महिन्याला दोनशे रुपये, एवढीच नोंद होती.

आजींचे माहेर जवळच्याच खेड्यातील. तेव्हा आपल्याकडे पांढऱ्या मातीची, माळवदाची घरे होती. परसात गोवऱ्यांचा ढीग आणि कडब्याची गंजी असायची, त्यामुळे विंचू घरात निघणे ही नित्याची बाब होती. १९९३ च्या भूकंपानंतर दगडमातीची घरे मागे पडली, सिमेंटची आली आणि घरातले विंचूही कमी झाले. आजी सांगत होत्या, "आमच्या आईने कधी विंचू मारू दिला नाही. सांडशीत हलकेच धरायचा, लोट्यात टाकायचा, वर झाकण ठेवायचे आणि गावाबाहेर बांधावर नेऊन सोडायचा. माझ्या धाकट्या भावाला एकदा चावला होता. रात्रभर पोरगं तळमळलं. तरी सकाळी तो विंचू आईने सोडूनच दिला." आपल्या अनेक घरांत ही रीत होती. श्वेतांबर बंधू तिला जयणा म्हणतात, दिगंबर परंपरेत यत्नाचार म्हणतात. चिमटा आणि लोटा दोन्हीकडे सारखाच.

मुलाचा युक्तिवादही ऐकण्यासारखा होता. "आजी, मी कुठे मारतोय? मी तर सांभाळतोय. तू सोडायचीस, मी पाळतो. दोन्ही जीवदयाच की." त्याने हे मनापासून म्हटले होते. म्हणूनच त्याचे उत्तरही मनापासून शोधावे लागते.

शास्त्राच्या आरशात

विंचवाकडे आपल्या पूर्वसूरींनी बारकाईने पाहिले होते. शांतिसूरींच्या 'जीवविचार' प्रकरणात विंचू चतुरिंद्रिय जीवांत मोजला आहे. टोळ, माशा, डास त्याच ओळीत येतात. आचार्य कुंदकुंदांच्या 'पंचास्तिकाया'त मात्र तो उवा, ढेकूण, मुंग्या यांच्यासमवेत त्रींद्रिय जीवांत येतो. स्पर्श, रस आणि गंध त्याला आहेत. दृष्टी गणलेली नाही. हा मतभेद मला फार उद्बोधक वाटतो. विंचवाला सहसा सहा ते बारा डोळे असतात, पण त्या डोळ्यांना आकृती धड दिसत नाही. उजेड-अंधारच मुख्यतः कळतो. त्याचा खरा आधार स्पर्शाचा. पायांवरील सूक्ष्म खाचांतून जमिनीचे कंपन त्याला जाणवते, नांग्यांवरील केसांतून हवेची हालचाल कळते, आणि पोटाखालच्या कंगव्यासारख्या अवयवांनी तो जमिनीचा वास-स्वाद घेत चालतो. डोळे असून न पाहणारा हा जीव कोणत्या रांगेत बसवायचा, असा प्रश्न दोन्ही परंपरांतील आचार्यांपुढे उभा राहिला असणारच. इंद्रिये तीन की चार, यावर मतभेद झाला. त्याला सुखदुःख आहे, यावर कधीच झाला नाही.

अशा कंपनावर जगणाऱ्या जीवाला काचेच्या पेटीत, पंख्याच्या घरघरीत, येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या बोटांच्या टकटकीत ठेवणे म्हणजे काय, याची कल्पना करून पाहावी. अहिंसा अणुव्रताचे जे पाच अतिचार सांगितले आहेत त्यांत पहिलाच 'बंध' आहे. वध त्याच्या नंतर येतो. जीव न मारताही व्रताला डाग लागू शकतो, हे या क्रमातून आपल्याला सांगितले आहे.

परिग्रहाच्या नऊ प्रकारांत धन, धान्य, जमीन, घर, सोने, चांदी, भांडीकुंडी यांबरोबर द्विपद आणि चतुष्पद येतात. अष्टपद जीवांचाही कोणी संग्रह करील, असे त्या काळी कोणाच्या मनात आले नसावे! श्रावकाने टाळावयाच्या १५ कर्मादानांत विषवाणिज्य आहे आणि असतीपोषणही आहे. असतीपोषणाच्या अर्थात हिंस्र प्राणी पोसून त्यांच्यावर उपजीविका करणे येते. आठव्या व्रतातील 'अनर्थदंड' हा शब्द तर येथे तंतोतंत लागू पडतो. शेतकऱ्याच्या नांगराखाली जीव जातात, पण त्यामागे पोटाचे प्रयोजन असते. टेबलावरील पेटीसाठी जाणाऱ्या ३६४ जीवांमागे प्रयोजन कोणते?

भगवान महावीर आणि चंडकौशिकाची कथा आपण लहानपणापासून ऐकतो. ज्याच्या नजरेनेही माणसे दग्ध होत, त्या सर्पाच्या वारुळापाशी भगवान स्वतः गेले. त्याला बोध झाला, तो शांत झाला आणि तेथेच राहिला. भगवान त्याच्याकडे गेले. त्याला सोबत घेऊन आले नाहीत.

पांजरापोळ ही आपल्या समाजाने जपलेली संस्था. मुंबईतील भुलेश्वरची पांजरापोळ १८३४ पासून आहे. तेथे असा जीव येतो ज्याला बाजारात भाव उरलेला नाही. छंदिष्टाच्या पेटीत असा जीव येतो ज्याला बाजारात भाव आहे. "पाळतो" हे एकच क्रियापद दोन्हीकडे वापरले म्हणून दोन्ही गोष्टी एक होत नाहीत.

बँकेच्या चष्म्यातून

आता मला बोलावले होते त्या कामाकडे वळतो. कर्जप्रस्ताव समोर आला की आम्ही काही ठराविक प्रश्न विचारायचो. मालकी सिद्ध करणारा कागद आहे का? वस्तूची किंमत कोण ठरवतो? उद्या विकायची झाली तर गिऱ्हाईक मिळेल का? आणि वस्तू नष्ट झाली तर काय?

कागद नव्हता. विक्रेत्याने मोबाइलवर "पेटीत जन्मलेला आहे, काळजी नको" एवढेच लिहिले होते. वन्यजीव संरक्षण कायद्यात २०२२ साली झालेली दुरुस्ती १ एप्रिल २०२३ पासून लागू आहे. तिच्यामुळे साइट्स परिशिष्टांतील विदेशी जीव चौथ्या अनुसूचीत आले. असे जिवंत प्राणी बाळगणाऱ्याने त्यांची नोंदणी करणे आवश्यक आहे. त्यासाठीचे नियम २०२४ साली निघाले आणि नोंदणी केंद्र सरकारच्या 'परिवेश' संकेतस्थळावर होते. पिल्ले झाली, हस्तांतर झाले, मृत्यू झाला, तरी कळवावे लागते. या मुलाच्या पेटीतील जीवाची कोठेही नोंद नव्हती. मी त्याला म्हणालो, "बाळ, ज्या मालाची पावती नाही तो तुझ्या आजोबांनी कधी वखारीत उतरवून घेतला नसता."

किंमत ठरवणारे आठ-दहा लोकांचे एक मोबाइल गट होते. तेच खरेदीदार, तेच विक्रेते, तेच एकमेकांच्या भावाचे साक्षीदार. असा बाजार मी पूर्वीही पाहिला आहे. मराठवाड्यात मांडूळ सापाच्या नावाने किती संसार बुडाले, हे वेगळे सांगायला नको. अमुक किलोचे मांडूळ असेल तर कोटी रुपये, गुप्तधन, औषध, असे काहीबाही पसरवले जाते. नोकरीत असताना एक गृहस्थ मुदत ठेव मोडायला आले होते. खूप खोदून विचारल्यावर कळले की 'साठ ग्रॅमच्या वरचा काळा विंचू' मिळवून देणाऱ्याला त्यांना आगाऊ रक्कम द्यायची होती. परदेशातील कंपनी तो लाखोंना घेणार होती म्हणे. गेल्या दशकात पाकिस्तानातील सिंध-पंजाबच्या खेड्यांतही हेच वेड पसरले होते. कामधंदा सोडून माणसे रात्ररात्र विंचू शोधत फिरत.

या जाहिरातींची रचना हिशोबाच्या दृष्टीने पाहावी. एम्परर हा जगातील वजनदार विंचवांपैकी एक. तोही ३०-३५ ग्रॅमच्या पलीकडे क्वचितच जातो. अट ६० ग्रॅमची ठेवली की ती कधी पुरी होत नाही. खरेदीदाराला कधी पैसे द्यावे लागत नाहीत, मध्यस्थाला मात्र आगाऊ रक्कम मिळत राहते. विंचवाच्या विषावर संशोधन चालते हे खरे. अरबस्तान-उत्तर आफ्रिकेतील 'डेथस्टॉकर' विंचवाच्या विषातील एका घटकावरून मेंदूतील गाठ उजळून दाखवणारे द्रव्य तयार करण्यात आले आहे. पण एका विंचवातून एका वेळी विष निघते ते फार तर एक-दोन मिलिग्रॅम. प्रयोगशाळांना ते शुद्धतेच्या प्रमाणपत्रासह लागते. गावच्या माळावर पकडलेल्या विंचवाची डबी कोणी प्रयोगशाळा विकत घेत नाही.

चौथा प्रश्न जीविताचा. मुलाला यायची होती ती पिवळी जोडी साध्या जातीची नव्हती. साधारणपणे जाड नांग्यांचा काळा विंचू कमी विषारी आणि बारीक नांग्यांचा पिवळा-तांबडा अधिक घातक, असा ठोकताळा आहे. आपल्याकडचा तांबडा विंचूही याच दुसऱ्या प्रकारातला. त्याच्या दंशाने एके काळी रुग्णालयात आणलेल्या गंभीर रुग्णांपैकी शेकडा ४० च्या घरात दगावत. जालना जिल्ह्यातील देहेड या खेड्यात जन्मलेल्या डॉ. हिम्मतराव बावस्कर यांनी महाड परिसरात राहून या दंशाचा हृदयावर होणारा परिणाम अभ्यासला. रक्तदाबावरील प्राझोसिन ही स्वस्त गोळी त्यावर उपयोगी पडते, हे त्यांनी दाखवून दिले. मृत्यूचे प्रमाण त्यामुळे काही टक्क्यांवर आले. २०२२ साली त्यांना पद्मश्री मिळाली, ती आपल्या मराठवाड्यालाही भूषण आहे. तांबड्या विंचवावरील प्रतिविष मुंबईच्या हाफकिनने तयार केले. पण हे प्रतिविष आपल्या विंचवासाठी आहे. आफ्रिका-अरबस्तानातील विंचू चाकूरच्या घरात चावला, तर त्याचे प्रतिविष लातुरात मिळणार कोठून? घरात लहान मूल असेल तर या एका प्रश्नावरच प्रस्ताव नामंजूर व्हायला हवा.

नोटा तपासण्याचा दिवा

मी माझे मत सांगितले. दीड लाखाचा विषय तेथेच संपला. पेटीचे काय करायचे, यावर मात्र घरात एकमत होईना. आणि पाचव्या दिवशी पुन्हा फोन आला. झाकण नीट बसले नव्हते. पेटी रिकामी होती.

घर आणि दुकान एकाच भिंतीने जोडलेले. मागे तुरीच्या आणि सोयाबीनच्या पोत्यांची थप्पी. दोन दिवस हमालांना सुट्टी द्यावी लागली. घरातील धाकटी मुले आत्याकडे पाठवली. आजींनी पुंजणी घेऊन सांगितले, "जो शोधील त्याने पाऊल जपून टाकायचे. आपल्याला चावू नये म्हणून जपायचे, आणि आपल्या पायाखाली तो येऊ नये म्हणूनही."

तिसऱ्या रात्री मुलाला आठवले की अतिनील प्रकाशात विंचू चमकतात. त्याची तशी बॅटरी पुण्यातच राहिली होती. पण दुकानाच्या गल्ल्यावर खोट्या नोटा ओळखण्याचा दिवा होता. त्याचा प्रकाशही तोच. लांब वायर जोडून, सगळे दिवे मालवून आम्ही तिघे थप्पीच्या मागे गेलो. ज्या दिव्याखाली आयुष्यभर नोटा पाहिल्या, त्याच्या निळसर उजेडात भिंतीच्या कोपऱ्यात काहीतरी हिरवेनिळे उजळले. तीच होती. आणि तिच्या पाठीवर फिकट ठिपक्यांची दाटी होती. नवजात पिल्लांची कात पहिल्यांदा पडेपर्यंत ती तशी चमकत नाहीत. त्यामुळे उजळलेल्या आईच्या पाठीवर ती मळकट कापसासारखी दिसत होती. विंचू अंडी घालत नाही, पिल्लांना जन्म देतो आणि ती पहिली कात टाकेपर्यंत पाठीवर वाहतो. 'विंचवाचे बिऱ्हाड पाठीवर' ही म्हण मी हजार वेळा वापरली असेन. ते बिऱ्हाड त्या रात्री पहिल्यांदा पाहिले.

मुलाने हलक्या आवाजात मोजली. सतरा. त्याच्या हिशोबाच्या कागदावर हे सतरा नग होते. तो बराच वेळ दिवा धरून बसला. उजेड लागताच ती नांगी वर उचलून पिल्लांभोवती घेत होती. मग तो मला म्हणाला, "काका, यातले एकही मला विकता येणार नाही." आत जाऊन त्याने आजींची सांडशी आणि मोठा लोटा मागून आणला, पण पिल्लांना धक्का लागू नये म्हणून सांडशी न वापरता पुठ्ठ्यावरच तिला अलगद घेतले.

आता हा जीव बांधावर सोडून द्यावा, असे आजींना वाटत होते. येथे मात्र जुनी रीत जशीच्या तशी चालत नाही. परक्या देशातील जीव आपल्या माळावर सोडणे हे त्याच्यावरही अन्यायाचे आणि येथील जीवांवरही. अभयदान म्हणून असे प्राणी विकत घेऊन सोडणे तर त्याहून वाईट, कारण त्या पैशाने पुढची पेटी भरते. सगळी हकीकत लेखी देऊन वडिलांनी तो जीव वनविभागाच्या ताब्यात दिला. ज्यांच्या घरी असा प्रसंग येईल त्यांनी लपवाछपवी न करता वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर विचारणा करावी, एवढे मी आवर्जून सांगेन. ४० हजार रुपये परत आले नाहीत. वडिलांनी ते वहीत बुडीत म्हणून मांडले.

मुलाची जिज्ञासा मात्र मोडायला नको होती. मी त्याला भारतीय प्राणी सर्वेक्षण संस्थेच्या टिकादर आणि बस्तवडे यांच्या १९८३ च्या ग्रंथाबद्दल सांगितले. भारतातील विंचवांवरचा तो पायाभूत ग्रंथ आहे. २०२० साली आशियातील मोठ्या काळ्या विंचवांचे नवे वर्गीकरण झाले, तेव्हा दोन वंशांना दख्खन आणि सह्याद्रीवरून नावे मिळाली, हे त्यानेच मला नंतर सांगितले. पर्युषणानंतर तो पुण्याला परतला. दिवाळीत आला तेव्हा आपली बॅटरी घेऊन वडवळ नागनाथच्या बेटाकडे, औषधी वनस्पतींसाठी प्रसिद्ध असलेल्या त्या टेकडीच्या पायथ्याशी, दोन संध्याकाळी गेला. दगड उचलायचा, छायाचित्र घ्यायचे, दगड होता तसाच ठेवायचा. एकूण नऊ विंचू दिसले म्हणे. सगळे आपले, सगळे फुकट आणि सगळे आपापल्या जागी.

वाचकहो, आपल्या मुलांच्या हौशीला एकदम नाही म्हणू नका. त्यांच्याजवळ बसा. कागद कोठे आहे ते विचारा, पैसे कोणाला पाठवले ते विचारा. आणि आजींचा तो प्रश्न, "हा खातो काय?", सर्वांत आधी विचारा.

परवा त्यांच्या घरी गेलो होतो. काचेची पेटी आता दुकानात आहे. तिच्यात सुट्या नाण्यांच्या पिशव्या ठेवलेल्या दिसल्या. आजी आत, सगळ्यांसोबत जेवायला बसल्या होत्या.